उजेडाची तार

त्रिशला मगदूमला पुन्हा दिसायला लागलं त्याला दीड वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका रविवारी तिच्या भावानं माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली काढला.

भाऊ, जयपाल चौगुले, सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो चाळीस वर्षांपूर्वीचे गेम दुरुस्त करत बसायचा. पुण्या-बेळगावचे हौशी लोक आपली बंद पडलेली खोकी त्याच्याकडे पाठवायचे. पण हा गेम कुणा गिऱ्हाइकाचा नव्हता, त्या दोघा भावंडांचा होता. त्यात एक पाणबुड्या समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले उचलायचा आणि हवा संपायच्या आत त्याला वर आणावं लागायचं. लहानपणी दोघं त्यावरून हातघाईवर यायची. त्रिशलाच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय हेसुद्धा पहिल्यांदा या गेममुळेच लक्षात आलं. कडेनं येणारा मासा तिला दिसायचाच नाही.

पुढं तिची नजर कडांकडून आत आत आवळत गेली. तिशी ओलांडली तेव्हा सगळं मिटलं. ऋजुता त्यानंतर झाली. आपली मुलगी त्रिशलानं हातांनीच पाहिली. शाळेतून आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, की आज बाई रागावल्या की मैत्रिणीशी बिनसलं, हे तिला न सांगता कळायचं. आणि बाहेरचं जग ऋजुता तिला सांगायची. बोलायला लागल्यापासून ती आईचा हात धरून चालली होती. "आई, पुढं खड्डा. आई, डावीकडं गाय आहे. आई, काकूंनी नवी साडी नेसलीय, छान म्हण."

मग मिरजेच्या एका नव्या रुग्णालयात 'सेतू' बसवायला लागले. मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथं डोळ्यांचे संदेश पोचतात तिथं, एक पातळ जाळी बसवायची. त्या जाळीला साठ हजारांच्या आसपास बारीक टोकं. चष्म्यात कॅमेरा आणि कानामागं काडेपेटीएवढा प्रोसेसर. कॅमेऱ्याचं चित्र प्रोसेसर सोपं करणार आणि जाळीकडे पाठवणार. त्रिशलाचा नवरा श्रेणिक साखर कारखान्यात केमिस्ट होता. त्यानं धावपळ करून तिचा नंबर लावला. पट्टी सुटली तेव्हा समोर ऋजुता उभी होती, पंधरा वर्षांची, गुबऱ्या गालांची, हसणारी. त्रिशला तिच्याकडे बघतच राहिली.

तेव्हापासून ती रोज तिच्याकडे बघत होती. चेहऱ्यावरून हात फिरवायची गरज उरली नव्हती. शेजारच्या कुंभोजकर काकू एकदा म्हणाल्या, "ऋजुता फार वाळली हो." तर त्रिशला हसली. "छे हो काकू, आहे तशीच आहे. मी रोज बघते ना!"

त्या रविवारी जयपालनं गेम टीव्हीला जोडला. चाळीस वर्षांपूर्वीचं खोकं आणि आताचा टीव्ही, चित्र पुसट आणि डळमळीत आलं. त्रिशलानं चष्मा सारखा केला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"मजा आहे," ती म्हणाली. "अजून तसाच हसतोय बघ."

"कोण?"

"पाणबुड्या."

जयपालनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लहानपणची आठवण असेल, असं त्याला वाटलं. पण ती पुढच्याच वेळी माशाला धडकली, परत धडकली आणि वैतागून तिनं रिमोट खाली ठेवला. "छे! सगळं कसं गुळगुळीत येतंय. खेळताच येत नाही."

"तुझा प्रोसेसर टीव्हीकडे बघतो, मग तुला दाखवतो. मधे दोन दलाल झाले," जयपाल म्हणाला. "सरळ आत जायला वाट नाही का काही?"

"आहे की. तपासणीला गेलं की ते कानामागं तीन तारा जोडतात. मग मला रंगीत पट्टे दिसतात, बुद्धिबळाचा पट दिसतो."

जयपालनं तो जोड भिंगाखाली पाहिला, 'सेतू'वरचे दोन-चार शोधनिबंध काढून वाचले, आणि त्याला गंमत वाटली. जुन्या गेममधून रंग तीन तारांवरून बाहेर पडतो: लाल, हिरवा, निळा. पण एके काळी चांगल्या टीव्हींना हे चित्र वेगळ्या रीतीनं लागायचं. तिथंही तीनच तारा, पण पहिलीवर रंग नसायचा, नुसता उजेड असायचा. हिरव्याचा मोठा वाटा, लालाचा त्याच्या निम्मा, निळ्याचा जेमतेम, असे तिन्ही मिसळले की काळंपांढरं चित्र तयार होतं. ते पहिल्या तारेवर. दुसरीवर निळा त्या उजेडापेक्षा किती वेगळा आहे एवढंच, आणि तिसरीवर लाल किती वेगळा आहे एवढंच. हिरव्याला तार लागतच नाही, कारण बाकीचं कळलं की तो उरतो. प्रत्येक ओळ कुठं सुरू होते ती खूणही उजेडाच्या तारेवरच बसवायची.

माणसाचा डोळा जवळजवळ हेच करतो. दृष्टिपटलावर तीन रंगांना जागणाऱ्या पेशी असतात, पण मेंदूकडे जाताना तो निरोप उजेड आणि रंगांमधले फरक असा वाटला जातो. 'सेतू' करणाऱ्यांनी म्हणूनच तपासणीच्या तारा तशा ठेवल्या होत्या. आणखी एक गोष्ट जुळत होती. त्या जुन्या गेमच्या चित्रात ठिपकेही साठ हजारांच्या आसपासच असायचे. एका ठिपक्याला एक टोक. काही गाळायला नको, काही भरायला नको.

"करून दे ना, दादा," त्रिशला म्हणाली.

"डोक्यात जाणारी तार आहे ती, त्रिशू. टीव्ही जळला तर दुसरा आणता येतो."

पण त्याचेही हात शिवशिवत होतेच. त्यानं एक छोटी पेटी तयार केली. लाल-हिरवा-निळा आत, उजेड आणि दोन फरक बाहेर. विजेचा दाब ठरावीक मर्यादेच्या वर जाऊच नये म्हणून त्यात दोन ठिकाणी अटकाव घातला. आधी ती जुन्या टीव्हीवर लावून पाहिली. पहिल्यांदा समुद्र जांभळा आणि पाणबुड्या हिरवागार आला, कारण एका फरकाची दिशा उलटी झाली होती. ती सुलटी केली, चित्र स्थिर झालं, आणि मग एका रविवारी दुपारी त्यानं भीत भीत ती बहिणीच्या कानामागं जोडली.

त्रिशलानं श्वास रोखला. निळा, खरखरीत, कडा असलेला समुद्र तिच्यासमोर उभा राहिला. प्रत्येक चौकोन वेगळा. कडेनं मासा आला आणि तो तिला दिसला. ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की जयपालची बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

मग तिचा रिमोटवरचा हात थांबला.

"काय झालं? दुखतंय का?"

"दादा, पाणबुड्याला तोंडच नाही."

"नाहीच आहे. तीन ठिपक्यांचा चेहरा आहे त्याचा. दोन कातडीच्या रंगाचे, एक काळा, मुखवट्याच्या काचेचा."

"पण त्या दिवशी तो हसत होता. मी बघितलं. ओठ होते त्याला."

जयपाल खुर्चीत मागं टेकला. त्याला कळायला वेळ लागला नाही, आणि त्यानं ते तिला समजावून सांगितलं. साठ हजार ठिपक्यांत अख्खी खोली बसवायची तर माणसाचा चेहरा नखाएवढा येणार, आणि त्यातून कोण आहे हेही कळणार नाही. म्हणून प्रोसेसर चेहरा ओळखायचा आणि त्या जागी साठवलेला चेहरा स्वच्छ रेषांत काढून पाठवायचा. मान वळली की तो वळवायचा, सावली पडली की सावली टाकायचा. चेहरा अनोळखी असेल तर सर्वसाधारण एखादा, प्रसन्न. पाणबुड्यालाही त्यानं माणूस समजून तोंड देऊन टाकलं होतं.

"साठवलेला म्हणजे कधीचा?" त्रिशलानं विचारलं.

"फोटो कधी घेतले होते?"

"पहिल्याच महिन्यात. सगळ्यांचे. तुझाही."

जयपाल उठला. कपाटातून त्यानं एक जुना कॅमेरा काढला, त्याचा वेग गेमच्या चित्राशी जुळवून घेतला आणि गेमच्या जागी तो पेटीला लावला. मग कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला.

चित्रात खूप दाणे होते, पण एकच चेहरा सगळ्या ठिपक्यांवर पसरला होता. त्रिशलानं तो नीट निरखला.

"दादा, तुझ्या मिशा?"

"दिवाळीतच काढल्या. तुला म्हटलं नाही, म्हटलं बघितलंच असशील."

दिवाळी होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत ती त्याला मिशांसकट बघत होती.

"पेटी घरी नेते मी," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

दुसऱ्या दिवशी श्रेणिक कारखान्यात होता. ऋजुता कॉलेजमधून आली, तशी त्रिशलानं तिला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. पेटी आणि कॅमेरा टेबलावर मांडलेला होता.

"हे काय लावलंयस डोक्याला?"

"मामानं केलंय. जरा बस समोर. अशी, जवळ."

"कशाला? रोज बघतेस की मला."

बोलण्याला धार होती. पण ती बसली. त्रिशलानं चष्म्याचं बटण बंद केलं आणि पेटीचं चालू केलं.

आधी तिला वाटलं, कॅमेरा बिघडला. तिनं पेटीवरची चकती फिरवून उजेड वाढवला. चेहरा तोच राहिला. गाल नव्हतेच. गालफडांच्या खाली खळगे होते, डोळे खोल गेले होते, ओठांच्या कडा फुटलेल्या होत्या. कपाळावरचे केस इतके विरळ झाले होते की मधली कातडी दिसत होती. आणि त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, बस थांब्यावर उभं राहून माणूस रस्त्याकडे बघतो तशी.

त्रिशलानं हात पुढं केला. मनगटाला हाड लागलं.

"ऋजू, तू जेवतेस ना?"

ऋजुतानं हात काढून घेतला. "तुला आत्ता दिसलं?"

"मला वाटलं..."

"दिवाळीच्या सुट्टीत मी इथंच बसून रडले होते. तुझ्यासमोर. मुद्दाम, आवाज न करता. तू पोहे खात होतीस. वर बघितलंस आणि म्हणालीस, आज खुशीत दिसतेस गं."

त्रिशलानं चकतीवरचा हात काढला.

"मग मी रोजच करायला लागले. रडून बघायचे, तोंड वाकडं करायचे, एकदा तर जीभ काढून दाखवली. तू हसायचीस. दर वेळी. मला वाटलं, हिला बघायचंच नाहीये."

"यंत्र दाखवत होतं गं तसं. मला ठाऊक नव्हतं."

"आधी तू हात लावायचीस." ऋजुता आता टेबलाकडे बघत बोलत होती. "आणि बाहेर गेलं की सगळं मी सांगायचे तुला. मग तुला दिसायला लागलं, आणि एकदम कुणाला माझं काही लागेनाच. मी खाल्लं काय, नाही खाल्लं काय. पंधरा-पंधरा दिवस मोजायचे, कुणाला कधी कळतंय ते."

"पप्पांना माहितीये?"

ऋजुतानं मान फिरवली. दाण्यादाण्यांच्या चित्रात तिचा कान आणि मानेची ताणलेली शीर तेवढी उरली. ती उठून खोलीत गेली.

संध्याकाळी श्रेणिक आल्यावर त्रिशलानं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण मधे एकही प्रश्न त्यानं विचारला नाही. शेवटी म्हणाला, "वयच तसं असतं. आणि तू हे भलतंसलतं डोक्याला लावू नको. काही झालं तर निस्तरायचं कुणी?"

"उद्या तिला डॉक्टरकडे न्यायचंय."

"नेऊ की. मी कुठं नाही म्हणतोय."

ऋजुताला बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. हृदयाचे ठोके मंद झाले होते, रक्तातले क्षार घसरले होते. वाढलेलं ताट ती तासन्‌तास समोर ठेवून बसायची आणि नर्स वळली की भात रुमालात गुंडाळायची. समजावायला आलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंशीही ती बोलेना.

त्रिशला रोज पेटी घेऊन जायची. चष्म्यातून बघितलं की खाटेवर तीच गुबऱ्या गालांची मुलगी हसताना दिसायची, आणि ते आता तिला बघवत नव्हतं. म्हणून ती कॅमेरा जवळ धरून तास तास बसायची. पापणी हलली का, ओठ मिटले का, घास गिळला का. ऋजुताला ते आवडायचं नाही, पण ती बंद करायलाही सांगायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात चित्रात एक करडा डाग आला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

'सेतू' विभागाच्या डॉ. नसरीन मुजावर यांनी जाळी तपासली आणि आधी पेटीकडे, मग त्रिशलाकडे पाहिलं. "किती वेळ लावत होता हे?"

त्रिशलानं सांगितलं.

"अहो, ती वाट पाच मिनिटांच्या तपासणीसाठी आहे. एरवी प्रोसेसर प्रत्येक टोकाला मधूनमधून विसावा देतो. इथून आलेल्या चित्राला विसावा नाही. खालच्या पेशी थकून मेल्यात. त्या परत येणार नाहीत." त्यांनी पेटी बाजूला सरकवली. "पेटी बंद करा. राहिलेलं सगळं नीट आहे. आणि चेहऱ्यांचं म्हणाल तर नवे फोटो घेता येतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही विचारलंही होतं."

"मला कुणी विचारलं नाही."

"तुम्ही आत तपासणीला होता. मिस्टर बाहेर होते. ते म्हणाले, इतक्यात नको, मुलगी जरा आजारी दिसतेय, तिला तसं बघून हिला त्रास होईल. घरचे लोक म्हणाले म्हणून आम्ही थांबलो."

त्रिशलाला खोलीतल्या पंख्याचा आवाज एकदम फार मोठा वाटला. तिनं विचारलं, "नवे फोटो घेतले, आणि ती पुन्हा बदलली तर?"

"पुन्हा घेऊ."

"आणि मधल्या दिवसांत मी काय बघणार?"

डॉक्टरांनी जाळीचा अहवाल मिटून ठेवला.

"ते चेहरे काढणं बंदच करता येतं का?"

"येतं. पण मग चेहरा म्हणजे नुसता डाग दिसेल तुम्हाला. समोर कोण उभं आहे ते कळणार नाही. लोक सहसा आठ दिवसांत परत चालू करून घेतात."

"करा बंद," त्रिशला म्हणाली.

जयपाल पेटी न्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. "मी हे करायलाच नको होतं, त्रिशू. जे दिसत होतं त्यातलंही गेलं."

"मग मला कळलं कसं असतं?" ती म्हणाली. पेटी तिनं त्याच्या हातात दिली. तो ती पिशवीत घालून जिना उतरला. खांद्याच्या ठेवणीवरून तिला तो जिन्याच्या वळणापर्यंत ओळखू आला. मग तो इतर डागांत मिसळला.

आता दारं, खिडक्या, जिने, ताटवाट्या सगळं स्पष्ट दिसायचं. फक्त माणसांना चेहरे नव्हते. नर्स कोण आणि पेशंटची बहीण कोण, हे बोलल्यावरच कळायचं. ऋजुताच्या खाटेवर उशीच्या जागी एक फिकट डाग असायचा. त्रिशला खुर्ची ओढून जवळ बसायची आणि विचारायची, "कशी आहेस?"

पहिले काही दिवस उत्तर आलं नाही. ती परत विचारायची. आपल्याला उत्तराशिवाय काहीच कळणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. मग कधीतरी "कंटाळा आलाय" आलं, "पोटात दुखतंय" आलं, आणि एकदा, "तू अशी बघत बसू नको, उगीच." त्या दिवशी तिनं अर्धी वाटी खिमट खाल्लं आणि संध्याकाळी उलटून टाकलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच चालणार, महिने लागतील, आणि कदाचित त्याहून जास्त.

श्रेणिक कारखान्यातून थेट यायचा, फळं ठेवायचा, औषधांचं विचारायचा. डॉ. मुजावरांनी जे सांगितलं ते त्रिशलानं त्याला बोलून दाखवलं नव्हतं. तोही त्या विषयाच्या आसपास फिरकला नव्हता. दोघं एकाच बाकावर मधे पिशवी ठेवून बसायची.

एका दुपारी ऋजुताला झोप लागली म्हणून त्रिशला बाहेर येऊन बसली होती. व्हरांड्यातून माणसं जात होती. पांढरा शर्ट घातलेला एक उंच डाग तिच्यासमोर येऊन थांबला.

"मी आहे."

आवाज तिनं ओळखला. वीस वर्षांच्या ओळखीचा आवाज होता. तरी तिनं विचारलं, "मी म्हणजे कोण?"

"श्रेणिक," तो म्हणाला. आणि मग, खालच्या आवाजात, "मला ठाऊक होतं, त्रिशला. ती जेवत नाही तेही, आणि तुला ते दिसत नाही तेही. मला दिसतंय हे तिलाही मी कधी कळू दिलं नाही. आणि तू तिच्याकडे बघून इतकी खूश असायचीस, की मला वाटलं, हे दोन-चार महिने निघून जातील आणि ती आपोआप..."

वाक्य तिथंच राहिलं. त्रिशलानं मान वर करून त्याचा चेहरा असायला हवा तिथं बघितलं. तिथं काहीतरी हललं. तोंड असेल, किंवा त्यानं डोळ्यांवर हात नेला असेल. तिला कळलं नाही.

"हे मला नको सांगूस," ती म्हणाली. "आत जा. ती उठली की तिला सांग."

"तिला?"

"तिला वाटतंय, कुणालाच दिसलं नाही म्हणून. तुला दिसत होतं, ते तिला सांग. मी इथं बसते."

मग दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

काही वेळानं आत खाट करकरली. मग श्रेणिकचं पुटपुटणं, आणि त्यावर ऋजुताचा आवाज. आधी बारीक, मग चढत गेलेला, मग इतका मोठा की व्हरांड्यातले दोघं-तिघं थांबून दाराकडे वळले. ती बापावर ओरडत होती. गेल्या कित्येक महिन्यांत घरात तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

एक नर्स लगबगीनं आली. "अहो, बघा ना आत काय चाललंय!"

"चालू दे," त्रिशला म्हणाली, आणि जागची उठली नाही.